नोकरी लागली, आणि ताई थेट ‘प्रभारी’ झाली!

एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव आठवतंय का?

गणिताच्या सरांचं आठवेल. पट्टी मारणाऱ्या बाईंचं तर म्हातारपणीही आठवेल. पण मुख्याध्यापक? इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर मी हा प्रश्न आमच्या बॅचच्या सात जणांना विचारला. पाच जणांनी फटकन नाव सांगितलं, त्यातल्या दोघांनी तर प्रार्थनेनंतरच्या भाषणाची नक्कलही करून दाखवली. उरलेले दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. त्यातला एक म्हणाला, ‘आमच्याकडे मुख्याध्यापक असं वेगळं कुणी नव्हतं गं. चौथीचे गुरुजी होते, तेच.’ दुसरी म्हणाली, ‘आमच्याकडे सारखे बदलायचे. ज्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या, तो मुख्याध्यापक.’

सगळे हसले. मी पण हसले. पण मला हसता हसता माझी ताई आठवली, कारण सध्या तिच्या शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. मराठवाड्यातल्या आमच्या गावात २०१० साली ती बारावीला पहिली आली आणि तिने डीएडला प्रवेश घेतला. तेव्हा डीएड म्हणजे काय चीज होती, हे आज आपल्याला सांगून खरं वाटणार नाही. दोन वर्षांचा कोर्स केला की नोकरी पक्की, असा हिशेब असायचा. डीएड झालेल्या मुलीला स्थळं चांगली यायची, हुंडाही कमी लागायचा (लिहायला लाज वाटते, पण होतं ते असंच). ताई २०१२ मध्ये पास झाली. आणि नेमकं त्याच वर्षी, २ मे २०१२ ला, राज्य सरकारने नव्या शिक्षक भरतीला ब्रेक लावला.

का लावला? तर २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती. सरकारी माणसं एकाच वेळी शाळाशाळांत गेली आणि हजेरीपटावरची मुलं खरंच वर्गात आहेत का, ते मोजलं. अनेक ठिकाणी ती नव्हतीच. कागदावरची मुलं गायब झाल्यावर त्यांच्या नावावर नेमलेले शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. आधी त्यांना कुठेतरी सामावून घ्या, मग नवीन भरती बघू, असं ठरलं. ऐकायला बरोबर वाटतं. पण बोगस पट कुणी लावला, आणि घरी कोण बसलं, हे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा.

मग सुरू झाली ताईची खरी परीक्षा, म्हणजे परीक्षांची रांग. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याची पहिली टीईटी झाली. ती पास. डिसेंबर २०१७ मध्ये पहिली टेट झाली. (हो, टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आमच्या मावशीला हे अजून कळलेलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. टीईटी तुम्ही शिक्षक व्हायला पात्र आहात का ते सांगते. टेट म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, तिच्या गुणांवर नंबर लागतो. दोन तास, दोनशे प्रश्न.) टेटमध्ये ताईला बरे गुण पडले. २०१९ च्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढच्या टेटची वाट बघितली. ती आली २०२३ मध्ये. मधल्या काळात ताईने गावाजवळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवलं, एका पतसंस्थेत लिहायचं काम केलं, लग्न केलं, आणि दर थोड्या दिवसांनी पवित्र पोर्टल उघडून बघितलं.

पवित्रचा फुल फॉर्म माहीत आहे? पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी हे वाक्य लाल पेनाने खोडलं असतं. असो.

२०२४ च्या फेब्रुवारीत अकरा हजारांवर उमेदवारांची यादी लागली आणि त्यात ताईचं नाव होतं. डीएड पास झाल्यापासून बारा वर्षं. आपल्याकडे त्याला एक तप म्हणतात.

यावर तुम्ही म्हणाल, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणाची गोष्ट वेगळी आहे? एमपीएससीवाल्यांना विचार. बरोबर आहे. पण यूपीएससी पुढच्या वर्षी कोणती परीक्षा कधी होणार ते आधीच सांगते. बँकांच्या परीक्षांचं वेळापत्रक आयबीपीएस दर वर्षी आधी लावते. गंमत म्हणजे २०२३ आणि २०२५ ची टेट याच आयबीपीएसने घेतली. म्हणजे यंत्रणा आहे, अनुभव आहे, कॉम्प्युटर आहेत. फक्त तारीख नाही. २०१७, २०२३, २०२५. आठ वर्षांत तीन वेळा. जत्रा पण यापेक्षा नियमाने भरते. आणि जेव्हा काही वर्षांनी एकदा दार उघडतं, तेव्हा आत शिरायला किती झुंबड उडत असेल? २०२५ च्या टेटसाठी दोन लाखांहून जास्त जणांनी नोंदणी केली होती.

तर ताईची नोकरी. पोस्टिंग मिळालं कोकणातल्या एका वाडीवर. गावापासून बसने जवळपास एक दिवसाचा प्रवास. पहिली ते चौथी, तेवीस मुलं, दोन शिक्षक. पद शिक्षणसेवक, तीन वर्षं, मानधन महिना १६ हजार. हे १६ हजारसुद्धा २०२३ पासून झाले. त्याआधी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६ हजार मिळायचे, आणि उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ते वाढले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. त्याच २०२३ च्या जुलैमध्ये, भरती होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना घ्यायचा निर्णय झाला. त्यांचं मानधन महिना २० हजार, पेन्शन वेगळी. मला निवृत्त गुरुजींचा अजिबात राग नाही, माझे आजोबाच निवृत्त शिक्षक आहेत. पण बारा वर्षं थांबून आलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईला १६ आणि पेन्शन घेणाऱ्याला २०, हे गणित चौथीच्या मुलालाही खटकेल.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. भरती रखडली, उमेदवार आझाद मैदानात, मंत्री म्हणाले लवकरच. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. भरती झाल्यावर काय?

ताई रुजू झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात तिथले ज्येष्ठ गुरुजी आंतरजिल्हा बदलीने त्यांच्या गावाकडे गेले. त्यांनाही बिचाऱ्यांना किती वर्षांनी बदली मिळाली होती. जाताना त्यांनी ताईच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि चार पानी यादी. टेबल दोन, खुर्च्या पाच, टीव्ही एक (नादुरुस्त), तांदूळ इतके किलो, मूगडाळ इतके किलो. ‘इथे सही करा, मॅडम.’ ताईने सही केली आणि ती प्रभारी मुख्याध्यापक झाली. तीन महिन्यांच्या नोकरीवर! तिने फोन करून सांगितलं तेव्हा आम्ही घरी पेढे आणायला निघालो होतो. ती म्हणाली, ‘वेड्या आहात का तुम्ही? मी एकटी आहे शाळेत.’ बदली शिक्षक म्हणून शेजारच्या वाडीवरचे सर आठवड्यातून तीन दिवस येतात. उरलेले दिवस चारही वर्ग, तेवीस मुलं आणि मुख्याध्यापक, सगळं तीच.

मुख्याध्यापकाने दिवसभर काय करायचं असतं? आपल्या डोक्यात चित्र असतं ते केबिनमध्ये बसलेल्या, चष्म्यातून बघणाऱ्या माणसाचं. ताईचा दिवस मी दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस तिथे राहून बघितलाय. सकाळी आल्या आल्या कुलूप, झाडू, परिपाठ. मग पोषण आहाराचं धान्य मोजून काढायचं, नोंद करायची, किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं. भाजी आणि गॅसचे पैसे आधी खिशातून, मग शासनाकडून, कधी येतील तेव्हा. त्यात ‘तातडीचे’ असं लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज येतो. आजच दुपारी बारापर्यंत अमुक माहिती विहित नमुन्यात. कुणाच्या आधारमधलं नाव आणि हजेरीपटातलं नाव जुळत नाही. कुणाचा अपार आयडी निघालेला नाही. यू-डायसचा फॉर्म अर्धा भरून साइट बंद पडते. रेंज शाळेत नाही, वरच्या काजूच्या झाडाखाली आहे. मी मोजलं नाही, पण ताई त्या दिवशी त्या झाडाखाली निदान सहा वेळा गेली. दर वेळी जाताना ती मुलांना पाढे म्हणायला लावायची. मुलांचे पाढे फार पक्के आहेत, एवढंच सांगते.

तिसरीतली एक मुलगी माझ्याशेजारी वाचत बसली होती. अक्षर लावून लावून, बोट ठेवून. एका जोडाक्षराला अडली. वर बघितलं, बाई झाडाखाली. मग तिने पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. शिक्षण क्षेत्रातल्या समस्या या विषयावर कॉलेजमध्ये मी दोन असाइनमेंट लिहिल्या आहेत. दोन्हींत ही खिडकी नव्हती.

आता नियम काय म्हणतो ते बघू, कारण यात कुणी एक खलनायक नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. आणि पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी ही रेघ शंभरची. म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना मुख्याध्यापकाचं पद मुळातच नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्याच शाळा १५ हजारांच्या घरात आहेत. तिथे मुख्याध्यापक हे पद नसतं, पण मुख्याध्यापकाचं काम मात्र सगळं असतं, एक कागद कमी नाही. ते काम पडतं जो उभा आहे त्याच्यावर. त्याचा ताईला एक रुपया वेगळा मिळत नाही. रुपयाचं सोडा, शाळा कशी चालवायची याचं एक दिवसाचं प्रशिक्षणही तिला मिळालेलं नाही. डीएडमध्ये ‘शालेय व्यवस्थापन’ नावाचा विषय होता म्हणे. त्यात प्रभारी हा शब्द नव्हता.

बरं, जिथे पद आहे तिथे तरी निवड कशी होते? खासगी अनुदानित माध्यमिक शाळा घ्या, आपल्यापैकी बरेच जण तिथेच शिकले. तिथे १९८१ ची सेवाशर्ती नियमावली चालते. पदवी, बीएड, पाच वर्षांचा अनुभव आणि ज्येष्ठता यादी. यादीत सगळ्यात वर ज्याचं नाव, तो मुख्याध्यापक. ज्येष्ठतेच्या बाजूनेही बोलायला हवं. ती काढून टाकली तर संस्थाचालक आपल्या पुतण्याला खुर्चीत बसवेल, ही भीती खरी आहे. म्हणून तो नियम आहे. पण त्याचा परिणाम असा की वर्गात शिकवायला येण्यासाठी डीएड किंवा बीएड, टीईटी, टेट, पोर्टल, कागदपत्रं पडताळणी असे एवढे अडथळे, आणि अख्खी शाळा चालवायला एकच प्रश्न, तुम्ही कधी लागलात? मी ज्या चार-पाच शिक्षकांशी बोलले त्यातल्या दोघांनी तर पदोन्नती लेखी नाकारली होती. एक बाई म्हणाल्या, ‘पगारात फरक किती? आणि डोक्याला ताप किती? मला भूगोल शिकवायला आवडतो, मला राहू दे वर्गात.’ भूगोल आवडणाऱ्या बाई वर्गात राहिल्या हे छानच झालं. पण मग खुर्चीत कोण बसलं? ज्याला निवृत्तीला चौदा महिने उरलेत तो.

त्यात आता नवीन भर. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलं होतं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त वेळ आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिलीत त्यांना सूट, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागणार. गेल्या नोव्हेंबरमधल्या टीईटीआधी ताईच्या केंद्रातले पन्नाशीचे एक गुरुजी तिच्याकडे नोट्स मागायला आले होते. ताईकडे २०१३ च्या वह्या अजून आहेत. गुरुजी चहा पिता पिता म्हणाले, ‘पोरी, तुझ्या वयाच्या मुलांना शिकवून मी मोकळा झालो आणि आता तूच मला बालमानसशास्त्र शिकव.’ दोघंही हसत होते, पण गुरुजींचे हात कापत होते, असं ताई म्हणाली. मला हा निकाल चूक वाटत नाही. शिक्षकाला किमान पात्रता असायला हवी. पण बघा, टीईटी ही शिकवण्याची पात्रता आहे. ती पास होऊन कुणी मुख्याध्यापक झाला तर तो पात्र शिक्षक आहे एवढंच कळतं. शाळा चालवता येते का, हा प्रश्न आपण अजूनही विचारलेलाच नाही.

मग विचारायचा कसा? इथे खरी गोची आहे. माणसाने माणसाची पारख करायची म्हटलं की आपल्याकडे लगेच पाकीट आठवतं. पवित्र पोर्टलवर खासगी संस्थांसाठी ‘मुलाखतीसह’ असा पर्याय आहे. अभ्यासिकेतल्या पोरांना विचारा, ते म्हणतात, ‘मुलाखतीसह म्हणजे पाकिटासह.’ सगळ्या संस्था तशा नाहीत, पण विनोद उगाच होत नाही. आणि विश्वास तरी कशावर ठेवायचा? टीईटीच्या गैरव्यवहारात डिसेंबर २०२१ मध्ये ज्या परिषदेने परीक्षा घेतली तिच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली, आणि पुढे सात हजार आठशेच्या वर उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं. शालार्थ आयडी म्हणजे शिक्षकाचा पगार निघायची चावी. बोगस नियुक्त्यांना हे आयडी दिल्याचा आरोप झाला, शिक्षण उपसंचालकांना अटक झाली. आणि प्रकरणाला तोंड फुटलं कुठून? एका मुख्याध्यापकाच्याच नियुक्तीवरून. शिकवण्याच्या अनुभवाचे खोटे कागद जोडून थेट मुख्याध्यापक झाल्याचा आरोप.

म्हणून आपण काय केलं? माणसावर भरवसा नको म्हणून शिक्षक निवडायला दोनशे प्रश्नांची कॉम्प्युटर परीक्षा ठेवली. आकृत्यांच्या मालिका, संख्यांच्या मालिका. तिथे पैसे खाता येत नाहीत, हे चांगलंच आहे. पण उमेदवार पाच मिनिटं मुलांसमोर उभा राहिला तर काय करेल, हे अख्ख्या प्रक्रियेत कुणी एकदाही बघत नाही. ताई मला गंमतीने म्हणते, ‘माझी बुद्धिमत्ता राज्य सरकारने तपासली आहे. शिकवते कशी, ते अजून कुणी बघायला आलं नाही.’

ते बघायचं काम खरं तर केंद्रप्रमुखाचं. दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख, राज्यात अशी ४ हजार ८६० पदं. शाळेत यायचं, वर्गात बसायचं, नवीन शिक्षकाला हाताशी धरून शिकवायचं. २०२३ च्या जूनमध्ये यातल्या २ हजार ३८४ पदांसाठी शिक्षकांमधून निवड करणारी परीक्षा जाहीर झाली. म्हणजे जवळपास निम्मी. ती परीक्षा पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. ताईच्या तालुक्यात एकाच केंद्रप्रमुखांकडे अनेक केंद्रांचा कार्यभार आहे. ते पण प्रभारी. प्रभारी ताईच्या कामावर देखरेख करणारे प्रभारी साहेब. ते भले गृहस्थ आहेत, ताईला ‘काळजी करू नका मॅडम, मी आहे’ म्हणतात. पण ते असतात कुठे? तालुक्याच्या मीटिंगमध्ये.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरती आणि मुख्याध्यापक हे दोन वेगळे प्रश्न म्हणून आपण बघतो, तिथेच चुकतो. नवीन शिक्षक शाळेत टिकेल का, शिकेल का, पहिल्याच वर्षी जळून जाईल का, हे पहिल्या दिवशी त्याला दारात कोण भेटतं यावर ठरतं. तुम्ही इंटर्नशिप केली असेल तर तुम्हाला कळेल. मला पहिल्या दिवशी एका सीनियर ताईंनी शेजारी बसवून बातमीचा इंट्रो कसा कापायचा ते दाखवलं. त्या नसत्या तर मी आज हे लिहीत नसते. शाळेत ती जागा मुख्याध्यापकाची आहे. आणि ती जागा रिकामी ठेवून आपण दर पाच-सहा वर्षांनी हजारो नवीन शिक्षक त्या रिकाम्या जागेकडे पाठवतो.

एका माणसाने फरक पडतो, हे बघायला लांब जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा ज्यांच्यामुळे नावाजली, त्या दत्तात्रय वारे गुरुजींची नंतर बदली झाली खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला. तिथला पट बोटांवर मोजण्याइतका उरला होता, शाळा बंद पडायच्या बेतात होती. २०२५ मध्ये त्याच शाळेला जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. त्याच गावकऱ्यांना सोबत घेऊन, त्याच जिल्हा परिषदेत. बातमी आली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवलं. ताईने नाही ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘गुरुजी मोठेच आहेत. पण आता आमचे साहेब मीटिंगमध्ये म्हणतील, ते करू शकतात तर तुम्ही का नाही?’ हे मला सुचलंच नव्हतं. एका असामान्य माणसाची गोष्ट आपण ज्या उत्साहाने शेअर करतो, त्यातून साध्या माणसांना साधी मदत न देण्याची सोय पण होते.

साधी मदत म्हणजे काय? टेटची तारीख दर वर्षी ठरलेली असावी, दोनच हजार जागा असल्या तरी चालतील, पण जूनमध्ये म्हणजे जूनमध्ये. निवडीत वर्गातला एक पाठ असावा, कॅमेऱ्यात रेकॉर्ड केलेला, अनोळखी जिल्ह्यातल्या दोन शिक्षकांनी नाव न बघता तपासलेला. पाकीट नको म्हणून माणूसच नको, हे मला पटत नाही. आणि पाच-सहा छोट्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा. शाळा एकत्र करायच्या नाहीत, हे स्पष्ट सांगते, नाहीतर ‘समूह शाळा’ म्हणून वाडीवरच्या मुलांना पाच किलोमीटर चालवायचा बेत कुणीतरी काढेल. मुलं आपल्या वाडीत, फिरायचं ते मुख्याध्यापकाने. त्याच्याकडे एक लॅपटॉप, एक कारकून आणि सगळ्या माहितीचे विहित नमुने. ताईच्या हातात फक्त खडू. हा माणूस निवडताना ज्येष्ठता बघा, पण आधी विचारा तरी, तुम्हाला हे काम करायचंय का? मग त्याला वर्षभर शिकवा. शिक्षण अधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यायला छत्रपती संभाजीनगरला राज्याची एक अख्खी संस्था आहेच.

पैसे कुठून येणार, असं तुम्ही विचाराल. बरोबर प्रश्न आहे, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण पैसे वाचवायला सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर १५ हजारांत कंत्राटी शिक्षक द्यायचा निर्णय झालाच होता, आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. सगळ्यात लहान शाळेला सगळ्यात स्वस्त माणूस, हा विचार करून झालाय. आता दुसरा करून बघायला हरकत नाही.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण आहे. माझी वर्गमैत्रीण, बीए आमच्याबरोबरच झालेली, मागच्या आठवड्यापासून माझ्या मागे लागली आहे. बीएडच्या सीईटीचा फॉर्म भरायची मुदत संपत आलीय, भरू का नको? तिला शिकवायला खरंच आवडतं. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या दोन मुलांना ती दोन वर्षं फुकट शिकवतेय, आणि त्यातला मोठा आता अपूर्णांक करतो. तिच्या घरचे म्हणतात, एमबीए कर. तुमच्या वर्गातही अशी एखादी असेल. किंवा ती तुम्हीच असाल.

मला उत्तर देता येईना, म्हणून काल ताईला फोन केला. तिलाच विचार म्हटलं. शाळा सुटायची वेळ होती, मागे मुलांचा गलका चालू होता. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला सांग, काल त्या तिसरीतल्या मुलीने अख्खा धडा वाचला. न अडता. पंधरा मिनिटं लागली, पण वाचला.’

‘मग भर म्हणून सांगू?’

‘थांब जरा. साहेबांचा मेसेज आलाय, तातडीचा. झाडाखाली जाऊन येते, मग सांगते.’

रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. ‘भरू दे. पण तिला आधी दोन दिवस माझ्याकडे राहायला पाठव. चटई आणायला सांग, माझ्याकडे एकच आहे.’